भोंग्यात चिंधी

राजमल्लू दुडमनं मिलच्या भंगारातला
एक बुटका बॉयलर मागून घेतला,
बैलगाडीवर घालून हिप्परग्याच्या तळ्यावर नेला,
आणि सात महिन्यांत त्या बॉयलरला बोट फुटली.

तेलुगूत पडव, कानडीत दोणी,
उर्दूवाले थेट जहाज म्हणायचे.
पाटीवर मराठीत आगबोट,
रंग संपल्यामुळे पहिला काना अर्धाच.

मी तिकिटं फाडायचो. मोठ्यांना दोन आणे,
मांडीवरच्याला फुकट,
आणि मांडीवर किती वयाचं बसू शकतं
यावर दर फेरीला भांडण.

बांधापासून पलीकडच्या लिंबांपर्यंत, आणि परत.
बांधावरून कडब्याची गाडी आमच्या पुढे निघून जायची,
गाडीवान हात करायचा.
तरी बायका पदर दातात धरून बसत,
वाऱ्यानं उडेल म्हणून.
सहा दिवस केसांत बसलेला कापूस
सातव्या दिवशी पाण्यावर उतरायचा,
मासे वर येत, तोंड लावत, थुंकून टाकत.

पहिल्या फेरीची गोष्ट सांगायची राहिली.
राजमल्लूनं शिट्टी ओढली.
ती मिलच्या भोंग्याची धाकटी बहीण, गळा तोच.
साठ माणसं एकदम उभी राहिली.
कुणी डबा शोधला, कुणी चपला.
रिळाच्या खात्यातली नरसव्वा
कठड्यावर पाय टाकून पाण्यातच निघाली कामाला.
बोट डावीकडे कलली,
कुणाची तरी शेंगाचटणीची पुरचुंडी तळ्यात गेली.
बराच वेळ कुणी हसलं नाही.
मग हसले ते लिंब येईपर्यंत.

संध्याकाळी राजमल्लूनं चादरीच्या काठाची चिंधी फाडली,
शिट्टीच्या घशात कोंबली.
पुढं बोट सुटायची ती बैलाच्या घंटेवर.

तीन वर्षं रांगा लागल्या.
चौथ्या वर्षी पाणी बांध सोडून मागं सरकलं,
बोट चिखलात बसली, नाक वर करून.
शेरडं सावलीला यायची.
राजमल्लू सुट्टीच्या दिवशी यायचाच,
थंड बॉयलर पुसायचा.
विचारलं तर म्हणायचा,
गंजाला कुठं सुट्टी असते.

मग तो गेला. मग मिल गेली.
भोंगा थांबला त्या आठवड्यात
आमच्या गल्लीतलं दूध रोज नासलं,
किती वाजले ते कुणालाच कळेना.

परवा भंगारवाला आला.
माळ्यावरची शिट्टी काढून दिली.
त्यानं उलटीसुलटी पाहिली, ओठांना लावून फुंकली,
आवाज आला नाही.
बोट घालून त्यानं चिंधी ओढून काढली,
लाल काठ, अजून पक्का रंग.
चिंधीचं वजन पितळेत धरता येत नाही, म्हणाला,
आणि ती माझ्या हातात देऊन
तराजू उचलला.