किनार

तक्रार आली तेव्हा गल्लीत पाण्याचा दिवस होता,
चार दिवसांनी आलेलं, बारीक धारेचं.
मी पिंपाशी उभा, एक हात पायपावर,
कानाशी फोन, फोनमध्ये शेठ:
अलिबागकडच्या हॉटेलात आपला माल उसवतोय.
दोन महिन्यांत किनार जाते म्हणे.
तू जॉबर आहेस. जा, बघून ये.

मी समुद्र बघितला नव्हता.
बेचाळीस वर्षांत सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी,
तेही एसटीच्या खिडकीतून, ऊन डोळ्यांवर.
आणि बेट म्हणाल तर आमच्या सिद्धेश्वराचं देऊळ,
भोवती तळं, मध्ये देव,
चपला काढून चालत जाता येतं असं बेट.

लक्ष्मव्वानं शेंगाचटणी बांधली, बारा कडक भाकरी,
जसा काही मी उपाशी मुलखात निघालो होतो.

मुंबई बघितली ती टॅक्सीच्या काचेतून,
चाळीस मिनिटं.
एवढ्या खिडक्या. मी हिशेब करत बसलो,
घरटी निदान दोन टॉवेल.
मग धक्का, मग लाँच,
पांढरे पक्षी पोरांच्या हातातले कुरकुरे उचलत
आमच्याबरोबर पार पलीकडपर्यंत आले.

हॉटेलच्या वाळूवर उभा राहिलो तर लांब एक काळं बेट.
वॉचमनला विचारलं, तिथं कोण राहतं?
म्हणाला, दिवा राहतो.

आणि अलीकडे, रांगेनं पसरलेला, आमचा माल.
निळी पट्टी, पांढरी पट्टी.
चोवीस नंबरच्या मागावर एक वीण सुटते,
डाव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर,
शेठला अजून दिसलेली नाही.
मी वाकून बघितली. होती.

आमच्याकडे टॉवेल खांद्यावर पडतो.
निवडून आला, टॉवेल.
मास्तर रिटायर झाले, टॉवेल, टोपी, नारळ.
जावई पहिल्यांदा आला, टॉवेल.
गेल्यावरही एक लागतोच.
इथं तो वाळूत, आणि त्याच्यावर एक बाई पालथी,
ओली, तोंड उघडं, गाढ झोपलेली भर दुपारी.
मला राग यायला पाहिजे होता.
मी आपला हळू चालत बाजूनं गेलो,
वाळू तिच्या अंगावर उडू नये म्हणून.

दिवस कलल्यावर पँट दुमडून आत शिरलो.
मग दुमडण्यात काही अर्थ राहिला नाही.
लाट आली त्याचं काही वाटलं नाही,
जाताना मात्र तिनं टाचेखालची वाळू
धागा ओढावा तशी ओढून नेली,
पुन्हा एक, पुन्हा एक,
आणि मी उभ्या उभ्या खाली खाली.
तिथं, गुडघाभर पाण्यात, मला कळलं
किनार कशी जाते.

बाहेर आलो तर अंग पुसायला काही नव्हतं.
वर्षाला दीड लाख टॉवेल माझ्या नजरेखालून जातात.
वाऱ्यावर वाळलो.

घरी पोचलो तेव्हा पाणी परवा येणार होतं.
लक्ष्मव्वा म्हणाली, अर्धी बादली आहे, पायावर घ्या.
धाकटी सहस्रा मनगटाला नाक लावून बघत होती,
मग तिनं जीभच लावली.
नान्ना, उप्पू, ती ओरडली,
आणि शेजारची तीन पोरं रांगेत उभी राहिली
माझं मीठ चाखायला.

रात्री शेठला लिहून दिलं:
माल चांगला आहे. वाळू आणि खारं पाणी किनारीत शिरतं.
दुमड दुहेरी घ्यावी, टाके जवळ घ्यावेत.
लाँचचं तिकीट सोबत जोडलं आहे.
चोवीस नंबरचा माग ठीक चालतोय.