रीळ ४१७

बॅलार्ड पिअर. बोटीवर चढणारी पलटण.
अकरा सेकंद, आवाज नाही.
चौथा जवान पट्टा सावरत मागे वळतो.

कुडाळचे परब म्हणाले, हा आमचा थोरला काका.
काल इंगवलेबाई: कान बघा ना, आमच्याच घरचे.
दोघांनीही सह्या केल्या.
कार्डावर नावाची ओळ एकच.

आज माझगावचे साळवी.
नुसते बसून राहिले.
परत लावा, म्हणाले. परत.
सहाव्या वेळी बोट ठेवलं पडद्याच्या कडेवर,
चौकटीत कोपरापर्यंतच आलेला एक हात,
फडक्यात बांधलेलं काहीतरी पुढे करणारा.

माणूस कुणाचाही असू दे, म्हणाले,
ही गाठ आईची.
तिची नेहमी उलटी पडायची.

मी पेन्सिल उचलली.
हातासाठी रकाना नाही.