सातवा रकाना

वैरागडे सरांनी दिलेल्या तक्त्यात सहा रकाने होते:
साहित्य, कुठून, किती किलोमीटर,
किती वर्षं टिकेल, दर,
आणि मोडल्यावर काय.

काम लहान. नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून,
अंगणवाडीची एक खोली.
मी नागपूरहून नमुन्यांची पेटी घेऊन गेले,
तळहाताएवढे चौकोन, मागे नावं चिकटवलेली.
एकाचं नाव होतं 'नॅचरल बांबू'.

सुखराम बुरुडाने तो उलटा केला,
नखाने कोपरा उचकटला.
आत भुसा, आत सरस.
बांबू फक्त वरच्या कागदावर.
"फोटो चांगला काढला जी," म्हणाला,
आणि परत कामट्या सोलायला लागला.

मला माझं होस्टेलचं कपाट आठवलं,
पहिले दोन महिने डोळ्यांत झोंबणारं.
नव्या सामानाचा वास, म्हणायचो आम्ही,
आणि दार उघडून मुद्दाम घ्यायचो.

बांबू अंधाऱ्या पाखात तोडायचा,
तीन पावसाळे पाहिलेला.
मग नाल्यात दगडाखाली दाबून ठेवायचा
आतली गोडी वाहून जाईपर्यंत.
गोड असतो, म्हणून तर भुंगा लागतो.
हे मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारून.
सुखराम म्हणाला, अकरा दिवस थांबा.
मी म्हणाले, सबमिशन आहे.

जमिनीचं मी आधीच ठरवून आले होते:
माती, वर शेणाचं सारवण.
किलोमीटर शून्य, दर जवळजवळ शून्य,
मोडल्यावर काय, तर परत माती.
सहाही रकाने कसे भरले!
चित्रात मी गेरूचा पट्टासुद्धा काढला,
खिडकीतून येणारं ऊनसुद्धा.

शेवंताबाई, तिथली मदतनीस,
चित्र बराच वेळ धरून बसली.
"लय सुंदर," म्हणाली. "सारवन कोन करन?"
मी काही बोलले नाही.
"तू येशीन का व, दर आठ दिवसाले?
माह्या घरी औंदा टाईल बसवली,
तवा कुठं गुडघ्याईले सुटी भेटली."

तक्त्यात गुडघ्यांना रकाना नव्हता.

चार दिवस मी भलतीकडेच फिरले.
मग मूलच्या रस्त्यावर, दगड कापणाऱ्याच्या आवारात,
उरलेल्या कापांचा ढीग दिसला,
काळसर, पिवळे, एकही काटकोन नसलेले.
"न्या की," तो म्हणाला, "जागा तरी मोकळी होईल."
धान टाकून रिकामा परतणारा ट्रॅक्टर मिळाला.
डिझेलचे पैसे द्यायला गेले तर म्हणाला,
इकडूनच जायचं होतं ना मला.
जुन्या शाळेच्या भंगारात सागाची दोन दारं होती,
'इयत्ता चौथी' लिहिलेली.
ती अक्षरं आम्ही घासली नाहीत.
भिंतींना चुना. छताला सुखरामची चटई.

सरांनी विचारलं, माती का सोडलीस?
मी पट्टी धरून तक्त्याला एक उभी रेघ ओढली
आणि सातव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं:
कोण पुसणार.
सरांनी पेन्सिलीने त्याभोवती गोल केला,
शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.
खोडलं मात्र नाही.

परवा परत गेले होते.
फरशी ओल्या फडक्याने एका दमात पुसून
शेवंताबाई पोरांना उसळ वाढत होती.
छताच्या आग्नेय कोपऱ्याखाली
पिवळी भुकटी सांडलेली, पिठासारखी बारीक.
मी सुखरामकडे पाहिलं.
तो काही बोलला नाही. बोट वर केलं,
मग आणखी वर, जिथे भर दुपारी
चंद्र असण्याचं काही कारण नव्हतं.

खाली दोन पोरी ती भुकटी
बाटलीच्या झाकणात गोळा करून
एकमेकींना पीठ विकत होत्या.
मी दर विचारला.
महाग होतं.