उसवण

एक एप्रिलला नियतकालिक विभागात
काही पडलं नाही, काही जळलं नाही.
कालपर्यंत जिथे लेख उघडत होते
तिथे पडद्यावर एक कुलूप आलं,
करड्या रंगाचं, लहानसं.

पूर्वी वर्गणी थकली तर पुढचा अंक येत नसे.
मागचे तरी घरात असत,
धूळ खात का होईना, आपले.
आता वित्त विभागात एक फाईल अडली
आणि बावीस वर्षांचे अंक एका रात्रीत दिसेनासे.
तेव्हा कळलं, इतकी वर्षं
आम्ही भाडेकरू होतो.

समोर सगुणा उसेंडी. धानोऱ्याची.
विषय सिकलसेल.
लेखाचं नाव वहीत उतरवून आणलेलं,
त्या नावात तिचाच तालुका.
“यात माझ्या मोठ्याईचं रक्त आहे, मॅडम.
शाळेत शिबिर लागलं होतं, मी पाचवीत.
बोटाला टोचलं अन् बिस्किटाचा पुडा दिला.”
किंमत : एकोणचाळीस डॉलर,
चोवीस तास वाचायला.
मी मनात गुणाकार करू लागले.
तिचा आधीच करून झाला होता.

लेखकालाच मेल लिहिला मग.
ग्रंथालयशास्त्राच्या दोन पदव्या आहेत माझ्याकडे,
हात पसरायचं इंग्रजी कुणी शिकवलं नव्हतं.

तळघरात कूलरची घरघर,
वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास,
आणि नत्थूजी हेडाऊ
तीस वर्षांत स्वतः शिवलेले प्रबंध
उसवत बसलेले.
स्कॅनिंगवाले म्हणाले होते, कणा कापून द्या,
मशीन भराभर ओढेल.
“कापू नका,” नत्थूजी म्हणाले,
“टाका माहा आहे. मले ठाऊक आहे, कुठून सुटते.”

गोळीबार चौकात त्यांच्या बापाचा हातमाग होता.
पावरलूम आले, मागाचं लाकूड चुलीत गेलं,
दोरा तेवढा घेऊन हे इकडे आले.
तेव्हापासून पुठ्ठा, दाभण, खळ,
आणि खळीत चिमूटभर मोरचूद,
कसर लागू नये म्हणून.

उसवलेल्या पानांतून काय काय निघतं.
एसटीचं तिकीट. संत्र्याचं वाळकं साल.
भंडाऱ्याच्या तलावांवरचा एक प्रबंध, एक्क्याऐंशीचा,
मागच्या चिठ्ठीवर चाळीस वर्षांत तीन तारखा,
त्यातली एक मार्गदर्शकांचीच.
तो संकेतस्थळावर चढवला
आणि आठवड्यात एकसष्ट जणांनी उघडला.
कोण ही माणसं?
कुठल्या दारापाशी उभी होती इतके दिवस?

रात्री पावणेअकराला उत्तर आलं. दोन ओळी, सोबत लेख.
सगुणानं तो वाचनकक्षात वाचला, बोट ठेवून,
तक्ता क्रमांक दोनपाशी थांबली.
तीनशे बारा नमुने.
“यातली एक,” म्हणाली. आणखी काही नाही.
जाताना तिनं स्वतःच्या प्रबंधाचा अर्ज मागितला :
सर्वांसाठी खुला, की दोन वर्षं बंद.
सर म्हणतात बंद ठेव, आधी छापून येऊ दे.
चौकट रिकामी ठेवून
घडी घालून घेऊन गेली.

नत्थूजींनी परवा विचारलं,
“कागद फाटला तर मी शिवतो.
पडद्यावरचं फाटलं, तर कोण शिवते?”
मी म्हटलं, प्रती असतात. तीन ठिकाणी.
“अन् कसर?”
मी हसले.

हसायला नको होतं.
दोन हजार सहापासूनच्या सीडींचं खोकं
मीच उघडलं होतं मागच्या महिन्यात,
निम्म्या मुक्या.
त्यातली एक त्यांनी खिडकीशी उजेडात धरली,
भिंतीवर इंद्रधनुष्याचा तुकडा हलला.
“याले मोरचूद चालते का हो, बाई?”

मग उसवलेला दोरा
वाया जाऊ नये म्हणून बोटांवर गुंडाळला,
दाभण सदऱ्याला पुसलं
आणि ठेवलं टेबलावर,
बारकोडच्या रिळाशेजारी.
“राहू द्या इथंच.”