वरची बाजू वर

हिरवळ मारायची तर तिच्यावर पुठ्ठे अंथर,
पलीकडची डॉरीन म्हणाली,
तेव्हा गॅरेजमधली आपली खोकी काढली.
न्यू जर्सीहून आयोवात ट्रकने आलेली,
तू कधी टाकू न दिलेली.
त्यांवर तुझं अक्षर, जाड काळ्या मार्करचं:
काच. जपून. वरची बाजू वर.
मी ती उकलली
आणि तुझ्या लॉनवर पालथी घातली.

दर शनिवारी कापायचास.
आधी उभ्या रेघा, मग आडव्या.
तुझ्यामागे दोन उन्हाळे मीच ढकललं ते यंत्र,
आणि बंद केल्यावर
त्या हिरव्यात काहीच ऐकू यायचं नाही.
एक किडासुद्धा.

नोव्हेंबरात डॉरीनने बरणी दिली.
बी कुठलं, तर गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीतलं.
तिथे नांगर फिरला नाही,
मेलेल्यांच्या भिडेने गवत राहून गेलं.
थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही म्हणे.
वाळूत कालवून बर्फावर टाकलं,
परातीत पीठ भुरभुरावं तसं.

पहिल्या वर्षी नुसता चाकवत.
भाजी केली.
दुसऱ्या वर्षी नगरपालिकेची नोटीस:
गवत आठ इंचांवर, मुदत पंधरा दिवस.
मी कळवलं, हे गवत नाही, लागवड आहे.
सोबत नकाशा, तुझ्या पट्टीने आखलेला.
कडेने दोन फूट कापून ठेवा, म्हणाले.
ठेवते.

यंदा ब्लूस्टेम खांद्याला लागलं.
आणि मिल्कवीड. पान मोडलं तर पांढरा चीक.
अगं, ही तर रुईच्या भावकीतली,
मारुतीच्या गळ्यातली!
पण ही इथलीच.
आलेली मी.

तिच्यावर पट्टेरी सुरवंट, अकरा मोजले.
दुसऱ्या दिवशी चार.
एक गांधीलमाशी पाचव्याचं काहीतरी
ओढत नेत होती.
मी चप्पल उगारली, तर डॉरीन कुंपणावरून,
जेवायला सगळ्यांनाच बोलावलंस ना?

काल खुरप्याला चिकटपट्टी लागली, हातभर.
पुठ्ठा नाही, अक्षर नाही.
मुळं म्हणे तळघराहून खोल जातात.
ती पट्टी मी धुतली,
का ते विचारू नकोस.

यंत्र विकलेलं नाही.
कडेच्या दोन फुटांना लागतं.
शनिवारी.