सूर (निःसंदिग्धीकरण)

रात्री अकरानंतर, एसीच्या घरघरीत,
मी ज्ञानकोशात पाट्या रोवतो.
पगार नाही. बायको फोनवर म्हणते, डोकंही नाही.

कुणाचं तरी पोर परीक्षेच्या आदल्या रात्री
'सूर' शोधत येतं.
हवा असतो पेटीतला,
आणि उतरतं थेट आमच्या गावात:
ओमानचा पूर्व किनारा, उन्हाळ्यात पंचेचाळीस,
वाळूवर अर्धं गलबत, बरगड्या उघड्या.
त्याला कुणी सांगायचं, बाळा, गल्ली चुकलास?

म्हणून हे पान. एका ओळीत एक घर.

सूर: बंदर, ओमान.
सूर: बंदर, लेबनॉन. हे पुष्कळ म्हातारं.
सूर: दिल्लीच्या तख्तावरचं घराणं, फार टिकलं नाही.
सूर: लागतो, किंवा लागत नाही.
सूर: विहिरीत मारतात.
सुर म्हणजे देव. त्यांचा उकार ऱ्हस्व,
त्यांचं दार पलीकडे.

'फार टिकलं नाही' मी नंतर खोडलं.
'म्हातारं'ही.
पाटीला मत नसतं.
वाट दाखवावी आणि उन्हात उभं राहावं.

दिवसा गलबतांच्या कारखान्यात हजेरी घेतो.
इथे मुनाफ परकार दोन.
आधी लिहायचो एक आणि दोन,
पण दोन व्हायला कुणी राजी नव्हतं.
मग कंस घातले:
मुनाफ परकार (सुतार), दाभोळकडचा,
मुनाफ परकार (स्वयंपाकी), राजापूरचा.
भांडण मिटलं.

फोनला मात्र कंस नसतात.

फेब्रुवारीत भर दुपारी कचेरीत निरोप आला,
मुनाफला सांगा, वडील गेले.
कुरियनसाहेबांना जवळ सापडला तो स्वयंपाकी.
तो तांदळाच्या गोणीवर बसला तो बसलाच.
डाळ करपली, वास थेट शेडपर्यंत,
गॅस बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.
तिकिटासाठी टोपी फिरली,
ऐंशी रियाल आणि काही चिल्लर.
तासाभरानं घरचा फोन लागला,
तो उचलला बापानंच:
'कामाच्या वेळेस फोन कसला करतोस?'

तो हसला नाही.
टोपी तशीच दोन्ही हातांत धरून
शेडात गेला,
रंधा मारणाऱ्या मुनाफपुढे उभा राहिला.
मागे मी होतो, हजेरीचं पुस्तक छातीशी धरून,
म्हणून ऐकू आलं:

'तासभर ते माझे होते रे.
मी रडून घेतलंय.
आता तू.'

तेव्हापासून नुसतं 'मुनाफ' म्हटलं
की दोघंही येतात,
एकाच्या हाताला भुसा, एकाच्या पीठ.
मीही विचारत नाही, कुठला हवा होता.

रजिस्टरातले कंस तेवढे ठेवलेत.
पगाराची गोष्ट आहे.