लातूर ते नळदुर्ग, एक दिवस, जेवणासह

साडेसहाची गाडी सव्वासातला निघाली,
देवणीकर मास्तरांची कानटोपी घरी राहिली म्हणून.
माणशी साडेआठशे. चहा दोनदा, जेवण एकदा,
आणि गाइड दस्तगीर,
गळ्यात पट्ट्याचा छोटा माइक.
वय असेल सव्वीस,
पण "तेव्हा इथं खंदकात पाणी होतं" असं म्हणायचा
की वाटावं, ह्यानं पाय धुतले असतील त्यात.

येळवस होऊन आठच दिवस झालेले.
शेतांत कडब्याच्या कोपी अजून उभ्या,
आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव,
कुठं आंबिलाचं कलंडलेलं मडकं.
दस्तगीर म्हणाला, हे पत्रकात नाही, फुकट बघा.

औसा.
"किल्ला लांबून दिसत नाही, हीच त्याची पहिली तटबंदी."
खोलगटात दबून बसलेला,
मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या
हुशार पोरासारखा, मी म्हणाले.
मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं, स्वतःच्या नावानं.

खरोसा.
जांभ्या दगडातली लेणी.
वाऱ्यानं नाकं नेलेली, पावसानं बोटं.
"हा कोण?"
"विष्णू असावा."
"आणि हा?"
"हा पण असावा."
मग भाकरी, शेंगाची चटणी, कांदा.

किल्लारी ओलांडली, तशी मागच्या सीटवरनं
बसलिंगप्पा बिराजदार,
एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं पाने फिरवलेला माणूस,
सकाळपासून अवाक्षर न बोललेला,
म्हणाला, "जरा थांबवता का?"
सगळ्यांना वाटलं, लघवी.

तो बाभळींत शिरला तो आलाच नाही.
मग आम्ही एकेक करून मागं.
तिथं काही नव्हतं.
म्हणजे काटे होते, शेळ्यांच्या लेंड्या,
आणि पायाखाली दगड, जरा जास्तच चौकोनी.
"ही गिरणी," तो म्हणाला.
"हे वळण. इथं सायकल घसरायची.
हा आमचा उंबरा. नाही, थांबा, हा मलंगभाईचा."
गिरणीपाशी परत गेला,
पावलं मोजत पुन्हा आला.
"गणपती बुडवून आल्तो.
उकडत होतं म्हणून बाहेर टाकलं अंथरूण. मी एकट्यानं."
साल कुणी विचारलं नाही.
लातूरच्या माणसाला ते विचारावं लागत नाही.

दस्तगीरनं माइक काढून त्याच्यापुढं धरला.
बसलिंगप्पानं बघितलं,
चुकीच्या मापाच्या पान्याकडं बघावं तसं.
माइक परत गळ्यात गेला, बंद.

नळदुर्गला ऊन कललेलं.
बोरी नदी अंग चोरून पडलेली,
नर कोरडा, मादी कोरडी,
बांधावर वाळल्या शेवाळाचे पट्टे.
पत्रकावर धबधबा चार रंगांत छापला होता.
दोघातिघांनी साडेआठशेचा विषय काढला.

पाणीमहालाच्या खिडकीत उभा राहून
दस्तगीर म्हणाला, "पाणी असतं तर..."
आणि थांबला. माइक चालू करायचं विसरला होता,
का केला नव्हता.
"इथनं पडतं. असं. मग काही ऐकू येत नाही.
आई खाली धुणं धुवायची, मला हाक मारायची.
नुसतं तोंड हललेलं दिसायचं."
बसलिंगप्पा कमरेवर हात ठेवून
त्या कोरड्या भिंतीकडं बघत होता.
"किती फुटावरनं?" त्यानं विचारलं.
मग दोघं बोलत राहिले, सांडवा, चुना, गाळ,
आम्ही उपली बुरूज चढून उतरून आलो तरी.

परतीला अंधार, उसाचे ट्रॅक्टर,
एकाला मागचा दिवाच नाही.
दुसरा चहा राहून गेला.
अभिप्रायाचे कागद वाटले.
"आवडलेले स्थळ" यापुढं मी औसा लिहिलं, खोडलं,
आणि खोडलेलंच दिलं.
बसलिंगप्पानं चष्मा चढवला,
कागदाखाली धरायला माझी पर्स मागितली,
आणि गाडी हिसके देत असताना
एकेक अक्षर घट्ट बसवत लिहिलं:
भाकरी गार होती. चटणी बरी.